एक सनद, दोन वकीलपत्रं

धर्मराज बागलनं मुलीच्या सत्काराला सख्ख्या भावाला बोलावलं नव्हतं, आणि तरी तो आला. बायको वंदना आणि मुलगा कल्याण यांना बरोबर घेऊन आला, हातात शाल-नारळ घेऊन आला, आणि चेहऱ्यावर असं हसू घेऊन आला की जणू मधली सगळी वर्षं हे दोघं भाऊ परतूरच्या कोर्टात समोरासमोर नव्हे, एका ताटात जेवत होते. मांडवात बसलेल्या आष्टी गावच्या लोकांनी बोलणं थांबवलं. बुंदी तर मिळणारच होती, आता तमाशाही मिळणार, हे प्रत्येकाच्या तोंडावर वाचता येत होतं.

धर्मराजला आधी वाटलं, दारातूनच वाटेला लावावं. मग वाटलं, बरं झालं, याच्या डोळ्यांदेखतच होऊ द्या. कारण आज नुसता सत्कार नव्हता. आकांक्षाची सनद देवापुढे ठेवून झाली, फेटा आणि शाल झाली, की चौरंगावर हळदीकुंकू लावलेलं वकीलपत्र तिच्यापुढे ठेवायचं आणि गावादेखत तिची सही घ्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. बागलांच्या घरात पहिल्या तोडीची मोसंबी ग्रामदेवतेला जाते. मुलीची पहिली केस घरची, हे त्याला त्याच रीतीतलं वाटत होतं. पुरोहिताकडून त्यानं मुहूर्तसुद्धा काढला होता. पुरोहितानं आजवर लग्नाचे, वास्तूचे, ट्रॅक्टरचे मुहूर्त काढले होते; वकीलपत्राचा काही पंचांगात सापडेना, तेव्हा त्यानं शत्रुनाशाला चांगला असलेला दिवस देऊन टाकला.

आणि तो शत्रू आता पहिल्या रांगेत बसून सरबत पीत होता.

भांडण रस्त्याचं होतं. वाटण्या झाल्या तेव्हा धर्मराजच्या वाट्याला नाल्याकडची मोसंबीची बाग आली आणि धाकट्या रामप्रसादच्या वाट्याला सडकेकडचं रान. बागेत जायला त्या रानातून गाडीवाट होती, असं धर्मराज म्हणतो. अशी वाट कधी नव्हतीच, असं रामप्रसाद म्हणतो. तहसीलदारानं एकदा याला हो म्हटलं, वरच्या साहेबानं नाही म्हटलं, मग दावा दिवाणी कोर्टात गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. दरम्यान साक्षीदार एकामागून एक वारले, वकील बदलले, बागेतली जुनी झाडं काढून नवी लावून झाली. दोघं भाऊ मात्र तारखेला न चुकता जात होते. एकाच एसटीनं जात, एक पुढच्या दारानं चढे आणि एक मागच्या.

आकांक्षाला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा तिच्या आईच्या, नंदाबाईच्या, मनात तिला डॉक्टर करायचं होतं. आकांक्षाच्या मनात काय आहे हे विचारायची घरात पद्धत नव्हती. धर्मराज त्या दिवशी तारखेवरून तापून आला होता. त्याच्या वकिलानं पुन्हा मुदत मागितली होती. चप्पल काढता काढताच त्यानं जाहीर केलं, पोरगी वकील होणार. दुसऱ्याच्या वकिलाला आपल्या रस्त्याची काय पडली? वकील घरचा पाहिजे, दारातल्या म्हशीसारखा. चहाला दूध मागायला शेजारी जावं लागू नये.

इकडे वकील पेरला हे कळताच तिकडेही पेरणी झाली. रामप्रसादनं बी.ए. करून रिकाम्या बसलेल्या कल्याणला जालन्याच्या कॉलेजात कायद्याला घातलं. कल्याणनं पहिल्याच आठवड्यात जुन्या जालन्यातून काळा कोट शिवून आणला आणि महिन्याभरात जीपच्या मागच्या काचेवर ‘ॲड.’ रंगवून घेतलं. पुराव्याचा कायदा हा एक विषय काही त्याच्यानं सुटेना. तेव्हा त्यानं परीक्षेच्या वेळापत्रकाविरुद्ध आंदोलन उभारलं. त्यात त्याचं नाव इतकं झालं की पुढं पुढं परीक्षेला बसणंच त्याला कमीपणाचं वाटायला लागलं. आता तो पोस्टरवर असतो, आणि पोस्टरवर नापास कुणी लिहीत नाही.

आकांक्षा मात्र प्रवेश परीक्षा देऊन संभाजीनगरला गेली, पाच वर्षांचा कोर्स पाच वर्षांत पुरा केला. दुसऱ्या वर्षी सुट्टीत येऊन तिनं सांगितलं की कॉलेजात सरावाचं कोर्ट भरतं, आणि एकाच पोराला आज वादीकडून आणि उद्या प्रतिवादीकडून भांडावं लागतं. तिला त्यात बक्षीस मिळालंय. धर्मराजला त्या दिवशी घास गोड लागला नाही. दोन्हीकडून बोलणाऱ्याला गावात एक नाव असतं, आणि त्या नावानं कुणी बक्षीस देत नाही. त्याला शंका आली की आपण फीचा खर्चा चुकीच्या ठिकाणी तर करून राह्यलो नाही ना. शेवटच्या वर्षात तिनं जालन्याच्या अजमत वकिलांच्या ऑफिसात उन्हाळाभर काम केलं. दिवाणी दाव्यात त्यांच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही, असं ती म्हणाली. पुढं सनद आली, बारची परीक्षाही ती पास झाली, आणि धर्मराजच्या सगळ्या शंका त्या कागदापुढं विरघळल्या.

शिवाय तिच्यावर त्याचा एक वेगळा भरवसा होता. वकिलापासून काही लपवू नये, हे त्याला परतूरच्या वकिलानंच शिकवलं होतं. त्या वकिलापासून त्यानं लपवलं, पण पोरीपासून नाही. एका सुट्टीत बागेत पाणी देता देता त्यानं तिला सांगून टाकलं होतं की वाटण्यांच्या वेळी बागेला नाल्याच्या कडेनं वेगळी वाट सोडलेली होती, आणि त्या वाटेवर दोन ओळी मोसंबी लावून ती आपणच बुजवली. झाडं फळाला आली, वाट अडली, मग भावाच्या रानातली वाट आठवली. हे कोर्टात निघालं तर काय, असं त्यानं विचारलं. आकांक्षानं दोन-तीन गोष्टी बारकाईनं विचारल्या आणि पाणी पुढच्या ओळीला वळवलं. त्या दिवशी धर्मराज किती वर्षांनी दुपारचा गाढ झोपला होता.

सत्कार सुरू झाला. सरपंच बोलले, शाळेचे गुरुजी बोलले, कुणीही न बोलावता कल्याणही बोलला. न्यायव्यवस्था तरुणांच्या हाती आली पाहिजे, असं तो म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे बघत थांबला. मग वाटूरहून आलेल्या धर्मराजच्या मावसभावानं खुर्चीतूनच विचारलं, पोरगी जज कधी होणार? आमच्याकडं तर स्थळवाल्यांना तसंच सांगून ठेवलंय. आकांक्षा शांतपणे म्हणाली की आता नियम असा आहे, आधी तीन वर्षं वकिली करायची, मगच न्यायाधीशाच्या परीक्षेला बसता येतं.

"मंग बराबर झालं," मावसभाऊ म्हणाला. "तीन वर्षं घरचीच केस चालव. ती काय तवर सुटत न्हाई."

मांडव हसला. धर्मराजही हसला, कारण मुहूर्ताला ही चांगली सुरुवात होती. त्यानं नंदाबाईला चौरंग आणायची खूण केली. पण तेवढ्यात रामप्रसाद उठला, आकांक्षाच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, आणि मग शालीच्या पिशवीतून घडी केलेला एक कागद काढून तिच्या पुढ्यातल्या ताटात नारळाशेजारी ठेवला. तेही वकीलपत्रच होतं, आणि त्यावर रामप्रसादची सही झालेली होती.

धर्मराज ताडकन उठला. त्यानं चौरंगावरचं आपलं वकीलपत्र उचललं आणि त्याच ताटात भावाच्या कागदावर ठेवलं. हळदीकुंकू खालच्या कागदाला लागलं.

"ही माझी पोरगी हाये," तो म्हणाला. "हिला मी शिकवलं."

"शिकवलं तू, पण बागलायची तर हाये ना," रामप्रसाद म्हणाला. "मी काय परक्याच्या दारात आलो न्हाई. घरात एकच वकील झालाय, तर दोघायनं वापरायचा."

यावर कल्याणनं घसा खाकरला. घरात एकच वकील, हे त्याच्या जीपच्या काचेवर अन्याय करणारं होतं. पण बापानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा फोनमध्ये शिरला.

इथवर सगळं बागलांच्या नेहमीच्या भांडणासारखंच चाललं होतं, आणि कदाचित तसंच मिटलंही असतं, म्हणजे न मिटता पुढच्या तारखेवर गेलं असतं. पण वंदनाला राहवलं नाही. वंदना मनानं वाईट नव्हती, फक्त केलेल्याचं श्रेय सोडायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली की पोरीला वकील करण्यात आमचाही हात आहे. दर सुट्टीत ती आमच्याकडं यायची, मी तिला थालीपीठ करून घालायची, आणि तिचा काका तिच्यापुढं सगळं कपाट मोकळं करायचा. कल्याणला काही विचारून उपयोग नव्हता, मग तिलाच विचारायचं, हे चालेल का, ते टिकेल का. सगळ्या कागदांवर तिचाच तर अभ्यास झालाय.

धर्मराजला आधी ते नीट कळलंच नाही. सुट्टीत आकांक्षा काकाकडं जायची हे त्याला माहीत होतं. कल्याणच्या पुस्तकांसाठी जाते, असं नंदाबाईनं सांगितलं होतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. नंदाबाई वाढपाच्या भांड्यांकडं बघत होती, आणि ती बघत होती त्यावरूनच त्याला उलगडलं की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. घरात फितुरी झाली होती, तीही थालीपीठावर.

"रामप्रसाद, तू हिला सगळं सांगितलं?" त्यानं विचारलं.

"सगळं. काहीच ठिवलं न्हाई," रामप्रसाद छाती काढून म्हणाला. "माझी पुतणी हाये."

"अरे, मीबी तिला सगळं सांगितलंय."

धर्मराजच्या तोंडून हे निघून गेलं, आणि मग मांडवात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. रामप्रसादची छाती हळूहळू जागेवर आली. दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. धर्मराजला नाल्याकडच्या त्या दोन ओळी झाडं डोळ्यांपुढं दिसत होती. रामप्रसादला काय दिसत होतं देव जाणे, पण काहीतरी दिसत होतं नक्की, कारण त्याच्याही कपाळावर घाम आला होता. इतक्या वर्षांत दोघांच्या चेहऱ्यांवर एकच भाव पहिल्यांदा उमटला होता, आणि तो भीतीचा होता. मग दोघांनी मिळून पोरीकडं पाहिलं.

आकांक्षानं ताटातले दोन्ही कागद उचलले, नीट घडी केली, आणि ज्याचा त्याच्या हातात दिला.

"मला कुणाचंच घेता येत न्हाई," ती म्हणाली. "अण्णा, तुमी सांगितलेलं मला माहीत हाये. काका, तुमचंबी माहीत हाये. एकाकून उभी राह्यले, तर दुसऱ्याचं सांगितलेलं डोक्यातून काढून कुठं ठिवू?"

"आपलं वापर की," धर्मराज आणि रामप्रसाद जवळजवळ एकदमच म्हणाले.

ते तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अजमत वकिलांनी मला ज्युनिअर म्हणून घेतलंय, ती म्हणाली, आणि सोमवारपासून मी जालन्याला जाणार आहे. पहिली दोन वर्षं तिथं फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या, मागं उभं राहून ऐकायचं. मगच मला बोलता येईल. हे सांगायला तिनं आजचा दिवस धरला होता, कारण गावादेखत बाप एकदम नाही म्हणणार नाही, असा तिचा अंदाज होता. पण तो चुकला. अजून ती खरंच शिकाऊ होती.

"जालन्याला जायचं न्हाई," धर्मराज म्हणाला. "सही करायची नसंल तर कोट काढून ठिव. उंद्यापासून स्थळं बघतो."

"बराबर हाये दादाचं," रामप्रसाद म्हणाला. "आपल्या दोघायलाबी फसवून राह्यली पोरगी."

दादा हा शब्द त्यानं किती वर्षांनी उच्चारला होता, ते दोघांनाही आठवलं नसतं. मुहूर्त शत्रुनाशाचा होता, तो असा फळाला आला. जेवायला दोघं भाऊ शेजारी-शेजारी बसले. हल्लीच्या शिक्षणात संस्कार राहिले नाहीत, यावर त्यांचं पहिल्या पुरीलाच एकमत झालं. बुंदीपर्यंत तर रामप्रसादनं भावाच्या ताटात आग्रह केला. गाव तो आग्रह बघत जेवत होतं. कल्याणनं दरम्यान दोघांच्या मधे वाकून सांगितलं की त्याला काहीच अडचण नाही, तो दोन्हीकडून उभा राहायला तयार आहे. रामप्रसादनं त्याला आधी पास हो म्हणून सांगितलं आणि वरण मागितलं.

बायकांच्या पंगतीत वारं उलटं वाहत होतं. वंदना आपल्या तोंडामुळं पोरीचं नुकसान झालं म्हणून डोळे पुसत होती. नंदाबाई मात्र रडली नाही. सगळे पांगल्यावर, भांडी घासायला पडलेली असताना, ती धर्मराजपुढं येऊन उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. तिनं एवढंच सांगितलं की पोरीला डॉक्टर करायचं होतं तेव्हा मी गप्प बसले, कारण तुम्हाला वकील पाहिजे होता. आता वकील झालीय. आता तुम्ही गप्प बसा. पिशवी मी भरून ठेवलीय, आणि सोमवारी तुम्हीच तिला वाटूर फाट्यावर सोडायचं, मी नाही. धर्मराज चिडला, समोरचं खरकटं ताट सरकवलं, रामप्रसादला फोन लावतो म्हणाला. नंदाबाई म्हणाली, लावा, तेवढंच बोलणं होईल तुमचं.

सोमवारी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली. बायकोपुढं हार खाल्ली म्हणून नव्हे, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्याचं स्वतःचं एक काम होतं. पोरीला वाटेत एकटं गाठायचं आणि एकच गोष्ट विचारायची. ती बोलली तर जाऊ द्यायचं, नाहीतर फाट्यावरून मोटारसायकल उलटी वळवायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. रामप्रसादच्या पोटात काय आहे ते एकदा कळलं की वकील कुठलाही चालला असता. मागं बसलेल्या आकांक्षानं मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कोट घेतला होता.

फाट्यावर जीपवाले मंठा, परतूर ओरडत होते. जालन्याची एसटी यायची होती. धर्मराजनं दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत त्याला धीर निघाला नाही.

"काकानं तुला काय सांगितलं?"

"ते मी सांगणार न्हाई, अण्णा."

"मी बाप हाये तुझा."

"त्या दाव्यात तुमी त्यायच्या समोरची पार्टी हायेत."

धर्मराजचा हात शिवशिवला. हिला मी खांद्यावर घेऊन शाळेत सोडली, हिच्या फीसाठी बाग फुलात असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकली, आणि ही मला पार्टी म्हणते. त्याच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. मोटारसायकलची किल्ली त्याच्या मुठीत होती. वळवावी आणि हिला घेऊन घरी जावं, एवढं सोपं होतं. पण संतापाच्या मागोमाग एक वेगळीच शंका आली, आणि तो खालच्या आवाजात बोलला.

"त्यानं माझं विचारलं का तुला?"

"विचारलं की. परवा मांडवातून जाताना विचारलं. आधीबी लई येळा विचारलं."

"मंग?"

"तुमाला जे सांगितलं, तेच त्यायला सांगितलं."

चहा आला. धर्मराजनं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. म्हणजे या पोरीनं इतक्या सुट्ट्या काकाच्या घरी थालीपीठ खाल्लं, तो खोदून खोदून विचारत राहिला, आणि नाल्याकडच्या त्या दोन ओळी झाडांतलं एक पानसुद्धा हिच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. तेव्हा हिला सनद नव्हती, कोट नव्हता, कुणी शपथ घातली नव्हती. परतूरच्या वकिलाला आपण काही सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ते चहाच्या टपरीवर आलं असतं. म्हणून तर सांगितलं नाही. उभ्या जन्मात मनातलं खरं विश्वासानं सांगता येईल असा एकच वकील त्याला भेटला होता. तो त्यानंच घडवला होता, बाग देऊन घडवला होता, आणि तो त्याच्या बाजूनं कधीच उभा राहणार नव्हता. त्याला खूप अभिमान वाटला, आणि तितकंच लुटल्यासारखं वाटलं. दोन्हीतलं कुठलं जास्त, ते त्याला ठरवता येईना.

एसटी आली ती भरलेलीच आली. आकांक्षानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. धर्मराजनं किल्ली खिशात टाकली, तिची पिशवी उचलली, गर्दीत कोपर घालून दारापर्यंत वाट केली आणि कंडक्टरला वर हाक मारली.

"वकीलसायबाला बसायला जागा करा. जालन्याच्या कोर्टात चालल्यात."

कंडक्टरनं कोटाकडं पाहिलं आणि पुढच्या बाकावरच्या दोघांना सरकायला लावलं. घंटी मारता मारता त्यानं सहज विचारलं, "तुमचे वकील का?"

"न्हाई," धर्मराज म्हणाला. "आमच्या नशिबात न्हाईत."